झडप गळते आहे, त्रास मात्र नाही

आमच्या ओपीडीत टूडी इकोचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातला माणूस रात्रभर झोपलेला नसतो. कुठल्याशा आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये त्याचा इको काढलेला असतो. रिपोर्टच्या तळाशी 'ट्रिव्हियल एमआर' किंवा 'माइल्ड टीआर' असे लिहिलेले असते. त्याने मोबाइलवर शोधून 'हृदयाची झडप गळते' इतके कळवून घेतलेले असते आणि तेवढे त्याला पुरेसे असते. दुसऱ्या गटातला माणूस अगदी निवांत असतो. त्याला बहुधा दुसऱ्याच कुणीतरी पाठवलेले असते, हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाने किंवा साखर कारखान्यावरच्या शिबिरातल्या डॉक्टरने. त्याच्या कागदावर 'सिव्हिअर एमआर' असते आणि तो म्हणतो, "सायेब, मला काहीच होत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढतो मी."

पहिल्याला समजावायला पाच मिनिटे पुरतात. कलर डॉपलर हे तंत्र इतके संवेदनशील आहे की धडधाकट माणसाच्या झडपेतूनही थोडेसे रक्त मागे जाताना त्यात दिसते. 'ट्रिव्हियल' म्हणजे नगण्य. झडपेची रचना नीट असेल आणि कप्प्यांचे आकार नेहमीसारखे असतील, तर हा आजार नव्हे. त्याला गोळी नाही आणि पथ्यही नाही. 'माइल्ड' असेल तर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा इको करून पाहावा, तोवर शेती, नोकरी, व्यायाम सगळे चालू ठेवावे. अशा माणसांना उगाच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ठेवलेले मी अनेकदा पाहतो, त्याचे काही कारण नसते.

दुसऱ्याला समजावायला मात्र तीन-चार भेटी लागतात. कधी कधी तो चौथ्या भेटीला येतच नाही. दोन-तीन वर्षांनी रात्री उशांना टेकून, बसून झोपायची वेळ आली की मग येतो. आजचा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला झडप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सक्शन पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला कित्येक गावांत सरळ 'फुटबॉल' म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचे आणि खाली परत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. हृदयात असे चार व्हॉल्व्ह आहेत. त्यातला डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला जो आहे, तो मायट्रल. त्याला दोन पाकळ्या असतात. शिडाला दोर बांधावेत तशा बारीक पण चिवट दोऱ्यांनी त्या खालच्या कप्प्यातल्या स्नायूंना बांधलेल्या असतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा या पाकळ्या उघडतात आणि मिटतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की खालचा कप्पा आकुंचन पावताना सगळे रक्त महाधमनीत न जाता काही रक्त उलटे वरच्या कप्प्यात आणि पर्यायाने फुप्फुसांकडे ढकलले जाते. यालाच मायट्रल रिगर्जिटेशन, थोडक्यात एमआर, म्हणतात.

फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाणी कमी येते आणि शेतकऱ्याला लगेच कळते. हृदयाचे तसे नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. गळती हळूहळू वाढत असेल तर हृदय जुळवून घेते. डावा खालचा कप्पा मोठा होतो, दर ठोक्याला जास्त रक्त भरून घेतो आणि जास्त रक्त फेकतो. मागे जायचे ते मागे जाते, तरी शरीराला लागणारे रक्त पुढे मिळत राहते. असे पाच-दहा वर्षेही चालू शकते. माणूस मोळी उचलतो, ट्रकमध्ये चढतो. पण मोठा झालेला कप्पा किती दिवस ताणला जाणार? त्याचे स्नायू कधीतरी थकायला लागतात. हे थकणे सुरुवातीला माणसाला जाणवत नाही आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर झडप उत्तम दुरुस्त केली तरी ते पूर्णपणे भरून येत नाही.

साठ टक्क्यांची फसगत

इकोच्या रिपोर्टमध्ये सगळे ज्याच्यावर बोट ठेवतात तो आकडा म्हणजे 'इजेक्शन फ्रॅक्शन', म्हणजे ईएफ. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले गेले, त्याचे हे माप. एरवी ५५-६० असेल तर आम्ही 'पंपिंग चांगले आहे' म्हणतो आणि रुग्णही खूश होतो. झडप गळत असताना मात्र हाच आकडा फसवतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, कप्प्यात १६० मिलिलिटर रक्त भरले आणि त्यातले १०० बाहेर फेकले गेले. ईएफ झाला ६२ टक्के. पण या १०० पैकी ५० उलटे वरच्या कप्प्यात गेले. शरीराला मिळाले फक्त ५०. यंत्राला कोणते रक्त कुठे गेले याच्याशी घेणेदेणे नाही, कप्पा किती रिकामा झाला एवढेच ते मोजते. शिवाय मागे रक्त ढकलायला जोर लागत नाही, कारण वरच्या कप्प्यातला दाब महाधमनीपेक्षा फार कमी असतो. म्हणजे थकू लागलेला स्नायूही त्या सोप्या वाटेने भरपूर रक्त बाहेर टाकतो आणि आकडा छान दिसतो. झडप दुरुस्त केली की ती सोपी वाट बंद होते, सगळा भार महाधमनीच्या दाबाविरुद्ध उचलावा लागतो आणि स्नायूची खरी ताकद उघड होते. 'ऑपरेशनआधी पंपिंग साठ होते, ऑपरेशननंतर पंचेचाळीस झाले, डॉक्टरांनी बिघडवले' अशी तक्रार नातेवाईक करतात, ती बहुतेक वेळा यामुळे असते. बिघाड आधीचाच असतो, झाकलेला.

म्हणून झडपेत मुळातूनच दोष असलेल्या तीव्र गळतीत निकष वेगळे आहेत. ईएफ ६० टक्के किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या अखेरीस डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला, तर रुग्णाला काडीचा त्रास नसला तरी शस्त्रक्रिया करावी, असे अमेरिकी आणि युरोपीय दोन्ही मार्गदर्शक सूचना सांगतात. रिपोर्टमध्ये हा व्यास 'एलव्हीआयडी-एस' किंवा 'एलव्हीईएसडी' या नावाने लिहिलेला असतो, काही ठिकाणी सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ४.०. मोजमापे बरीचशी पाश्चात्त्य शरीरयष्टीवर बेतलेली आहेत. आपल्याकडच्या पाच फूट उंचीच्या, पंचेचाळीस किलोच्या बाईचा कप्पा ३६-३८ वर असेल तरी मी तिला निर्धास्त राहा असे सांगत नाही. तिच्या शरीराच्या मानाने तो मोठाच असतो.

धाप लागत असेल तर आकड्यांची वाट पाहायचे कारणच नाही. पण 'त्रास नाही' या दोन शब्दांवरही माझा चटकन विश्वास बसत नाही. माणूस नकळत आपली कामे कमी करत जातो. जिना टाळतो, चढाची वाट सोडून लांबच्या सपाट वाटेने जातो आणि 'वय झालं आता' म्हणतो. मी सोबत आलेल्या बायकोला विचारतो. ती सांगते, "पूर्वी एका दमात विहिरीपर्यंत जायचे, आता बांधावर दोनदा बसतात." आमच्या इमारतीची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते, तिचाही उपयोग होतो. रुग्णाला सोबत घेऊन दोन मजले चढायचे. ट्रेडमिलवरची तपासणी हे याचेच शास्त्रशुद्ध रूप.

तीव्र गळती, त्रास नाही आणि आकडेही अजून सुरक्षित, अशा रुग्णाने काय करायचे? दोन मार्ग आहेत. एक, दर सहा महिन्यांनी ते वर्षाने इको करत, डोळ्यांत तेल घालून वाट पाहणे. दुसरा, झडप हमखास दुरुस्त होण्यासारखी असेल आणि ते काम रोज करणारा अनुभवी सर्जन असेल, तर कप्पा ताणला जाण्याआधीच ती दुरुस्त करून घेणे. दुसरा मार्ग घ्यायचा तर यशाची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त आणि जिवाचा धोका एक टक्क्याहून कमी असावा, अशी अट आहे. ही अट रुग्णालयाच्या नावावरून पुरी होत नाही. 'अशा किती दुरुस्त्या तुम्ही करता?' हे सर्जनला सरळ विचारावे, त्यात अपमान काही नाही.

दुरुस्ती की बदल

गोळ्यांनी पाकळी शिवली जात नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी फुप्फुसांतले पाणी कमी होते, धाप कमी होते, रात्री झोप लागते. ठोके अनियमित झाले असतील तर त्यावर आणि गुठळ्या होऊ नयेत यासाठी औषधे द्यावीच लागतात. पण झडपेतच दोष असेल तर हे सारे आराम देणारे उपचार आहेत. गोळ्यांनी बरे वाटले म्हणून शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलणे, हा फार महागात पडणारा प्रकार मी दर महिन्याला पाहतो.

शस्त्रक्रियेत झडप दुरुस्त करता येते किंवा काढून नवी बसवता येते. दुरुस्तीचे शास्त्र उभे केले ते फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. सैल झालेल्या पाकळीचा जादा भाग कापून शिवायचा, तुटलेल्या दोरीच्या जागी कृत्रिम धागा बांधायचा आणि झडपेच्या पसरट झालेल्या घेराला एक कडे बसवून तो पुन्हा आकारात आणायचा. स्वतःची झडप राहते, दोऱ्या राहतात, त्यामुळे कप्प्याचा आकार आणि ताकद चांगली टिकते. आयुष्यभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची गरजही सहसा राहत नाही. वाढत्या वयात पाकळी सैल पडून किंवा दोरी तुटून होणाऱ्या गळतीत दुरुस्ती हाच पहिला पर्याय आहे.

आपल्या सरकारी रुग्णालयांत मात्र वेगळेच रुग्ण जास्त असतात. वीस, पंचवीस, तीस वर्षांचे. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग झाला, मग ताप आणि सांधे सुजणे झाले, 'वाढीचे दुखणे' म्हणून घरच्यांनी सोडून दिले आणि त्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप खाल्ली. या पाकळ्या जाड होतात, आखडतात, कडेला चिकटतात, दोऱ्या आखूड होतात. सैल कापड शिवणे सोपे, आकसलेले कापड ताणून पुरवणे अवघड. दुरुस्ती याही झडपांची होते, पण कमी जणांची, आणि ती कमी टिकते. म्हणून बदल करण्याची वेळ जास्त येते.

कृत्रिम झडपेचा इतिहास एका निवृत्त अभियंत्यापासून सुरू होतो. लोवेल एडवर्ड्स हे ते अभियंते. अमेरिकेतील पोर्टलंडचे तरुण सर्जन आल्बर्ट स्टार यांच्याबरोबर त्यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप तयार केली आणि १९६० मध्ये ती मायट्रलच्या जागी यशस्वीपणे बसली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने देशी झडपेचा ध्यास घेतला. आधीची मॉडेल्स फसली, चौथे यशस्वी झाले आणि डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवले गेले. कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची चौकट आणि तिच्यात कलती होणारी प्लास्टिकची चकती, अशी ही 'चित्रा' झडप आजवर लाखाहून जास्त जणांना बसली आहे. परदेशी झडपेच्या किमतीमुळे ज्यांचे ऑपरेशन झालेच नसते, अशा माणसांना तिने जगवले. वलियाथन यांचे २०२४ मध्ये निधन झाले तेव्हा वर्तमानपत्रांत फार मोठी बातमी आली नाही, याचे मला वाईट वाटले.

आता रुग्णापुढचा प्रश्न, धातूची की टिश्यूची? धातूची झडप, 'चित्रा'सुद्धा याच गटात मोडते, वर्षानुवर्षे टिकते. रात्री शांततेत तिची टिकटिक ऐकू येते, काहींना सुरुवातीला झोप लागत नाही, पुढे त्या आवाजाशिवाय चैन पडत नाही. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून ॲसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफेरिन ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी करत राहावी लागते. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा. खाली गेला तर गुठळी, पक्षाघात. फार वर गेला तर रक्तस्राव. नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या इथे चालत नाहीत; डॅबिगॅट्रान धातूच्या झडपेवर वापरून पाहण्याचा अभ्यास गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही वाढला म्हणून थांबवावा लागला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. औषध दुकानदार 'हीच नवी चांगली आहे' म्हणून बदलून देत असेल तर घेऊ नका.

टिश्यू झडप गाय-बैलाच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून प्रक्रिया करून बनवतात. काही कुटुंबांना हे ऐकून संकोच वाटतो. तो बोलून दाखवला तर बरे, कारण गप्प राहून ऐनवेळी ऑपरेशनला नकार देणारेही असतात. या झडपेला पहिल्या काही महिन्यांनंतर सहसा रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुण शरीरात आणखी लवकर. म्हणजे दुसरे ऑपरेशन जवळपास ठरलेले. पासष्ट-सत्तरीच्या माणसाला म्हणून ती सोयीची. तरुणाला पुस्तकी नियमाने धातूची.

पुस्तकी नियम इथे अपुरा पडतो. मी तरुण रुग्णाला आधी विचारतो, "तुझ्या गावापासून आयएनआर होणारी लॅब किती लांब?" ऊसतोडीसाठी सहा महिने परजिल्ह्यात कोपीत राहणाऱ्या माणसाला दर महिन्याला रक्त तपासायला सांगणे सोपे आहे, त्याने ते करणे सोपे नाही. मजुरी बुडते, मुकादम सोडत नाही. उपवास, दुखण्यावरच्या गोळ्या, कुणी दिलेला काढा, यांनी आयएनआर वर-खाली होतो. पालक, मेथी बंद करण्याची गरज नसते, मात्र आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. नवरात्रात नऊ दिवस काहीच नाही आणि नंतर रोज भाजी, असे करू नका.

आणि तरुण मुलींचा प्रश्न सर्वांत अवघड. या गोळ्या गर्भाशयातल्या बाळापर्यंत पोहोचतात. गर्भारपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांनी बाळाच्या हाडांत आणि नाकाच्या घडणीत व्यंग येऊ शकते. गोळी थांबवून हेपरिनची इंजेक्शने देता येतात, पण त्या काळात आईच्या झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. पूर्ण सुरक्षित वाट एकही नाही. म्हणून पंचविशीच्या मुलीची झडप थोडीफार गळत राहिली तरी चालेल, पण शक्य असेल तर दुरुस्तच करा, असे मी सर्जनला आग्रहाने सांगतो. दुरुस्ती जमलीच नाही तर दुसरे ऑपरेशन होणार हे मान्य करून टिश्यू झडप घेणे हाही शहाणा निर्णय असू शकतो. तो निर्णय मुलीशी बोलून व्हावा. प्रत्यक्षात वडील आणि भाऊ सही करून मोकळे होतात. लग्न ठरवताना ऑपरेशन लपवले जाते, छातीवरच्या व्रणाला 'लहानपणी भाजले होते' असे सांगितले जाते. मग सासरी कळू नये म्हणून ती गोळी बंद करते. काही आठवड्यांनी ती आमच्याकडे येते तेव्हा झडप अडकलेली असते, टिकटिक थांबलेली असते. गुठळी विरघळवणारे औषध किंवा तातडीची शस्त्रक्रिया, दोन्हींत जिवाचा धोका मोठा. यातल्या सगळ्याच वाचत नाहीत.

दारे शाबूत, चौकट रुंद

गळतीचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याचा उपचार अगदी वेगळा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा अन्य कारणाने हृदयाचा स्नायू दुबळा झाला, कप्पा फुगला, तर झडपेच्या पाकळ्या चांगल्या असूनही एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत. दारे शाबूत, चौकट रुंदावली. इथे नुसती झडप शिवून मूळ दुखणे जात नाही. इथे मात्र औषधेच आधी: बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध आणि मुळात मधुमेहासाठी आलेली डॅपाग्लिफ्लोझिन गटातली गोळी. ही चारही योग्य मात्रेपर्यंत वाढवत नेली, काहींना विशिष्ट प्रकारचा पेसमेकर बसवला, तर कप्पा लहान होतो आणि गळती आपोआप कमी होते. तीनेक महिने हे नीट केल्यावर पुन्हा इको पाहावा.

तरीही तीव्र गळती आणि धाप राहिली तर 'क्लिप'. इटलीचे सर्जन ओत्ताव्हियो अल्फिएरी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध टाक्याने जोडण्याची सोपी युक्ती काढली होती. तीच युक्ती छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन चिमट्याने करायची. २०१८ मध्ये याचे दोन मोठे अभ्यास पाठोपाठ आले आणि निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. ३०४ रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात काही फायदा दिसला नाही. अमेरिका-कॅनडातील ६१४ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत नुसत्या औषधांवरील गटातले ४६ टक्के दगावले, तर क्लिप बसवलेल्या गटातले २९ टक्के. फरक रुग्णांच्या निवडीत होता. जिथे औषधे आधी पुरेपूर दिली होती आणि कप्प्याच्या फुगण्याच्या मानाने गळती जास्त होती, तिथे क्लिप कामी आली. जिथे कप्पाच मोडकळीला आला होता, तिथे झडप मिटून काय होणार? २०२४ मधल्या आणखी एका अभ्यासानेही योग्य रुग्णांत क्लिपच्या बाजूने कौल दिला आहे.

मुळात झडपच सैल असलेल्या, पण वय किंवा इतर आजारांमुळे मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांनाही क्लिपचा उपयोग होतो. धट्ट्याकट्ट्या पन्नाशीच्या माणसाने मात्र 'बिनटाक्याची' म्हणून तिच्यामागे लागू नये, दुरुस्तीइतकी ती गळती बंद करत नाही. खर्चही अनेक लाखांचा आहे. ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेल्या झडपेला तर ती सहसा लावताच येत नाही, कारण आधीच अरुंद झालेले दार आणखी अरुंद होते.

महाधमनीच्या झडपेची गळती हा वेगळ्या लेखाचा विषय. तीही अशीच वर्षानुवर्षे गुपचूप चालते. नाडी उड्या मारते, क्वचित प्रत्येक ठोक्याला मान हलते. आल्फ्रेड द म्युसे या फ्रेंच कवीची अशी मान हलत असे, म्हणून त्या लक्षणाला त्याचेच नाव आहे. तिथले आकडे निराळे: व्यास ५० मिलिमीटरच्या पुढे किंवा ईएफ ५५ टक्के अथवा त्याखाली. जांघेतून बसवायची 'टावी' झडप ही मुख्यतः कडक होऊन अरुंद झालेल्या झडपेसाठी आहे. नुसत्या गळतीत तिला पकड घ्यायला कडक जागाच मिळत नाही.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि इकोचा रिपोर्ट घेऊन जावे. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. अंगणवाडी-शाळांत येणाऱ्या पथकाला मुलाचे सांधे सुजल्याचे जरूर सांगावे, विशेषतः आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, असे दुखणे फिरत असेल तर. ज्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे, त्यांनी ते 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नये. झडपेला इजा झालेली असेल तर ते किमान दहा वर्षे आणि साधारण चाळिशीपर्यंत घ्यावे लागते. रक्त पातळ करणारी गोळीही सुरू असेल तर इंजेक्शन देणाऱ्याला ते आधी सांगावे. झडप बदललेल्या किंवा कडे बसवलेल्या माणसाने दात काढण्याआधी प्रतिजैविकाबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि एरवीही दात स्वच्छ ठेवावेत, कारण तोंडातले जिवाणू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. कारण नसताना आठ-दहा दिवस ताप राहिला तर परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. आधी ब्लड कल्चर करून घ्यावे.

आणि येताना जुना इको घेऊन या. नव्या तपासणीसाठी येताना बहुतेक जण फक्त शेवटचा कागद आणतात, जुने घरी फळीवर किंवा मुलाकडे पुण्याला. व्यास आज ३८ आहे एवढ्याने मला फार काही कळत नाही. मागच्या वर्षी तो ३७ होता की ३३, हे पाहिल्यावरच पुढच्या वर्षी बोलवायचे की पुढच्या महिन्यात सर्जनकडे पाठवायचे, ते ठरवता येते.